उणे बारा

सकाळी साडेअकराच्या सुमाराला टेस्टर मुलगी त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा त्याला वाटलं, बाटलीत पाणी भरायला निघाली असेल आणि वाटेत थांबली असेल. पण तिच्या हातात बाटली नव्हती. "सर, तुमच्या मुलीचा कोपर उलटा वाकतोय," ती म्हणाली. ऑफिसात असंच बोलायची पद्धत होती. ज्याने जे पात्र हाताखालून काढलं ते त्याचं. तुमचा म्हातारा, तुमचा सैनिक, तुमची मुलगी. कंपनीच्या गेममधल्या पात्रांची कातडी, केस, कपडे करणारे लोक वेगळे होते. त्याचं काम कातडीच्याही आतलं. तो हाडं बसवायचा, आणि प्रत्येक सांध्याला हद्द घालून द्यायचा: कोपर इथवर वाकेल, त्यापुढे नाही, गुडघा मागे दुमडेल, पुढे नाही, मान इतकी वळेल की शेजारचा दिसावा, पाठीमागचा नाही. ही हद्द नीट घातली नाही तर धावता धावता माणसाचा पाय मोडक्या खुर्चीसारखा भलतीकडेच जातो आणि बघणारा तोंड फिरवतो. अठरा वर्षं तो हे करत होता. सगळे त्याला हाडवैद्य म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

"लहान आहे ती," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "आठ वर्षांची. लहान मुलांचं असतंच तसं."

"बारा अंश मागे जातोय, सर."

"बाराच. मीच घातलेत. उणे बारा."

ती गेली नाही. तिने आपला हात समोर ताठ केला, तळवा वर. हात सरळ झाला आणि थांबला. "माझ्या भाचीचाही इथेच थांबतो. काल घरी गेल्यावर मुद्दाम बघितलं. तिच्या तीन मैत्रिणींना पण हात लांब करायला लावले. थोडंसं जातं मागे एखादीचं. एवढं नाही." पलीकडच्या टेबलावरच्याने हे ऐकून आपला हात पुढे केला, मग त्याच्या शेजारच्याने, आणि बघता बघता अख्खी रांग हात लांब करून बसली, जणू कुणी इंजेक्शन द्यायला येणार होतं. हशा झाला. सगळे कोपर सरळ होते. त्याने स्वतःचाही केला. तोही सरळच. तो सगळ्यांबरोबर हसला. टेस्टर मुलीने अगदी साधेपणाने विचारलं, "कुणाचं बघून केलं, सर?" आणि त्याच्या लक्षात आलं की त्याने कुणाचंच बघितलं नव्हतं. मोठ्या माणसांचे आकडे त्याच्या टेबलासमोर चिकटवलेल्या तक्त्यात होते. लहान मूल त्याने आजवर कधी केलंच नव्हतं. या कंपनीच्या गोष्टींत मुलं नसायचीच, आणि त्याच्या घरातही नव्हतं. तक्त्याखाली बारीक अक्षरात एवढंच होतं की मुलांमध्ये थोडं जास्त धरावं. थोडं म्हणजे किती, ते हातानेच ठरवलं होतं. ती गेल्यावर त्याने बाकीचे सांधे एकेक उघडून पाहिले. गुडघा: उणे दहा. अंगठा: मनगटापलीकडे दुमडून हाताला टेकेल इतका. करंगळी: मागे काटकोनात. कंबर: वाकल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. एकही आकडा अंदाजाने टाकलेला वाटत नव्हता. हे कुणाचं तरी अंग होतं. आणि मुलीच्या गालावरून ओळखू येत नसलं, केस दुसऱ्याच कुणीतरी केलेले असले, तरी ते अंग कुणाचं हे त्याला आता स्वच्छ कळत होतं.

ठकी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात आणि दारात ती ठकीच. ती सहा वर्षांची असताना एका दुपारी दोघं जिन्यात बसली होती, आणि बोलता बोलता तिने आपला अंगठा सहज दुमडून मनगटाला लावला, दुसऱ्या कुणी नाक खाजवावं तसा. त्याने स्वतःचा अंगठा डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबून पाहिला. तो निम्म्यावरही गेला नाही. तिथून पुढे ठकी त्याची झाली. तिचं अंग आणि त्याच्या तोंडाचा पट्टा. इमारतीतल्या पोरांना तो जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसवायचा, घसा साफ करायचा आणि ओरडायचा, "आता बघा, हाडं नसलेली मुलगी!" ती दोन्ही कोपर उलटे वळवायची, पाय मानेमागे घ्यायची, बोटं मागे दुमडून पंख्यासारखी उघडायची. पाहुणे आले की आईच म्हणायची, अरे, ठकीची गंमत दाखव की. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तर मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले होते. ती हे सगळं जीभ दातांत धरून करायची, गाल लाल व्हायचे. "दादा, पुरे आता," ती त्यालाच ऐकू जाईल असं म्हणायची. "एकदाच. शेवटचं," तो म्हणायचा. शेवटचं कधी शेवटचं नसायचं. त्याला तेव्हा काय वाटायचं तेही आता नेमकं आठवत होतं: ती जीभ दातांत धरते ती एकाग्रतेने, असं वाटायचं.

संध्याकाळी तिचे पाय दुखायचे. रोज नाही, पण पुष्कळदा. ती जेवणाच्या टेबलाखाली पायांची घडी घालून बसायची आणि म्हणायची, पाय दुखतात गं. आई तेल लावायची, दहा-पंधरा मिनिटं चोळायची, मग हातातली कामं तिला बोलवायची. बाबा वर्तमानपत्राच्या मागून म्हणायचे, "दिवसभर उड्या मारताना नाही दुखत ते?" बाबा काही दुष्ट नव्हते. दमलेले असायचे, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं हेही खरं. दिवसा तिला उड्या मारताना सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण तो शब्द बाबांनी काढला नव्हता, आईनेही नाही. तो गृहपाठाच्या वहीतून मान वर करून त्यानेच प्रथम म्हटला होता. "नाटकी." सगळे हसले होते, ठकीसुद्धा. मग तो घराचा शब्द झाला. ठकीला बरं नाही का? नाही, जरा नाटकीपणा चाललाय. तिचं अक्षर वाईट होतं. बाईंनी वहीत लाल शाईने 'आळस' असं लिहून दिलं होतं. ती पेन्सिलीला रुमाल गुंडाळायची, जाड व्हावी म्हणून, म्हणजे बोटांनी कमी दाबावं लागायचं. आता त्याला ते दिसत होतं. तेव्हा त्याने विचारलं होतं, "काय गं, पेन्सिलीला सर्दी झाली का?" या विनोदाचा त्याला इतका अभिमान वाटला होता की त्याने तो वर्गातल्या मित्रांनाही सांगितला. पुढे नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत सांध्यांचं वेड कुठून लागलं असं विचारलं, तेव्हाही त्याने हसतहसत बहिणीची गोष्ट सांगितली होती. समोरचे तिघंही खूष झाले. ती नोकरी त्याला मिळाली.

ऑफिसात महिन्यातून दोनदा एक सल्लागार बाई यायच्या. मूळच्या फिजिओथेरपिस्ट, पंचविशीपासून माणसांचे हातपाय हलवत आलेल्या, आणि आता उतारवयात चित्रांचे. त्या गुरुवारी आल्या. त्याने मुलीची फाइल उघडून समोर ठेवली आणि काहीच सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर ढकलला, मुलीचा हात लांब केला, गुडघा ताठ केला, अंगठा दुमडला, करंगळी मागे घेतली, कंबरेत वाकवलं. मग मागे टेकल्या.

"हे कुणी केलं?"

"मी. चुकलंय ना?"

"चुकलेलं नाही हो. फार बरोबर आहे, तेच म्हणते मी. अंगठा, करंगळी, कोपर, गुडघा, कंबर. आम्ही ह्याच पाच जागा बघतो. ही माझ्याकडे आली असती तर मी हिच्या आईला आधी खुर्चीत बसवलं असतं आणि विचारलं असतं, हिचे पाय दुखतात का? लिहिताना हात दुखतो का? हातातून वस्तू पडतात का?"

"दुखतात का म्हणजे?" त्याचा आवाज नेहमीसारखाच निघाला.

"सगळ्याच लवचीक मुलांना त्रास होतो असं नाही. काहींना काहीच होत नाही. पण काहींचे सांधे बांधून ठेवणारे पट्टेच सैल असतात. मग तो सांधा जागेवर धरायला स्नायूंना दिवसभर राबावं लागतं. नुसतं उभं राहायचं तरी. आणि फोटो काढा, रक्त तपासा, सगळं चांगलं. त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. ही मुलं पुढे बोलायचीच बंद होतात." त्यांनी पडद्यावरच्या मुलीकडे पुन्हा पाहिलं. "आणि सगळ्यात वाईट काय, तर लोक ह्यांना करून दाखवायला लावतात. प्रत्येक वेळी ते पट्टे आणखी सैल होतात."

बाई चहा प्यायला गेल्या. त्याने कोपराच्या चौकटीत उणे बारा खोडून शून्य घातला. गुडघ्यात शून्य. अंगठा निम्म्यावर आणला, करंगळी, कंबर. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावरची मुलगी किंचित हलली आणि सरळ उभी राहिली. पुरती चार मिनिटंही लागली नव्हती. टेस्टर मुलीने लांबूनच अंगठा दाखवून झकास म्हटलं. तो उठून जिन्यात गेला, आणि दोन मजले उतरून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला कुठेच जायचं नव्हतं.

त्याला आठवायचं नव्हतं ते जिन्यातच आठवलं. ठकी चोवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिचा नवरा आणि सासरे घरी येऊन बसले होते. तीही माणसं वाईट नव्हती, गोंधळलेली होती. पाण्याची बादली उचलताना खांदा निखळला, दोरीवर कपडे टाकताना पुन्हा निखळला, डॉक्टरांनी बसवून दिला, फोटोत काही दिसलं नाही. एक डॉक्टर म्हणाले, हे शरीराचं नाही, मनाचं आहे. सासऱ्यांनी आईबाबांना काही विचारलं नाही. ते त्याच्याकडे वळले. "तुम्ही माणसाच्या सांध्यांचंच काम करता म्हणे. तुम्हीच सांगा. लहानपणापासून आहे का हिला हे?" पहिल्या नोकरीचं दुसरं वर्ष. इतक्या मोठ्या माणसाने मत विचारलेलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. तो हसला. म्हणाला, "लहानपणी ती सर्कस करायची, काका. आमच्यात सगळ्यात धडधाकट तीच. तिला काय, जरा लक्ष दिलं की बरी होते." खोलीतला ताण एकदम सैल झाला. नवरासुद्धा हसला, त्या हसण्यात सुटकाच होती. ठकी दारात उभी होती, हातात कपांचा ट्रे. तिने तो दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर तो पुढे कधीतरी भांडला असता, तिनेही सुनावलं असतं, आणि सगळं निवळलं असतं. कुणीतरी उत्तर देईल म्हणून वर्षानुवर्षं दार ठोठावावं आणि मग त्या घरात कुणी राहतच नाही असं कळावं, तशी ती पाहत होती. संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर गेली. बॅग तिने डाव्या हातात घेतली होती. ती आपल्याकडे द्यावी असं कुणाला सुचलं नाही, त्यालाही नाही. तीन वर्षांनी तिने ते घर सोडलं, तेव्हा ती माहेरी आली नाही. दुसऱ्या गावी गेली. आधी आई, मग बाबा गेले, तेव्हा ती येऊन, बसून, परत गेली. वाढदिवसाला फोन व्हायचा. कशी आहेस? बरी आहे. तू?

रविवारी सकाळची पहिली बस धरून तो चार तासांनी तिच्या गावात उतरला. न कळवता. तळमजल्यावरची एक खोली, दाराबाहेर पायरी नाही. तिने जाळीचं दार उघडलं ते हाताने नाही, मनगटाच्या वरच्या भागाने कडी खाली दाबून. दोन्ही मनगटांना काळे पट्टे होते. केस कापून कानापर्यंत आणलेले. लांब केस होते तिचे, आईचा जीव होता त्यांच्यावर. त्याला वाटलं फॅशन असेल, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की वेणी घालायला हात तेवढा वेळ वर ठेवावे लागतात.

"काय रे?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कोणी नाही. सहज."

"सहज माणूस चार तास बसमध्ये बसत नाही. ये. चपला तिथेच राहू दे, मला वाकायला लावू नकोस त्या उचलायला."

खोली नीटनेटकी होती. सगळं कमरेच्या उंचीवर. वरच्या फळ्या रिकाम्या. चमच्यांच्या, पेनाच्या, दात घासायच्या ब्रशच्याही दांड्यांना फोमच्या नळ्या चढवलेल्या. तिने चहा केला. अर्धंच पातेलं भरून, दोनदा. तो उठू लागला तर म्हणाली, "बस. तू उठलास की मी घाई करते, आणि घाई केली की सांडतं." मग तो बोलायला लागला. कोपराचं, तक्त्याचं, हात लांब करून बसलेल्या रांगेचं सांगितलं. उणे बारा ऐकून ती खळखळून हसली. "बारा? ते तेव्हाचे असतील. आता डावा अठरा जातो." मग त्याने सल्लागार बाईंचं सांगितलं, जसंच्या तसं, पट्टे सैल असतात ते, विश्वास बसत नाही ते. करून दाखवायला लावतात, हे सांगताना त्याला थांबावं लागलं. ती खिडकीकडे बघत ऐकत होती.

"त्याला नाव आहे, ठके," तो म्हणाला. "तुला जे होतं त्याला नाव आहे."

"माहीत आहे मला. सात वर्षं झाली. इथल्याच डॉक्टरांनी शोधलं. मी लगेच तुला फोनवर पाठवलं होतं लिहून. बोलून पाठवता येतं हे माहीत नव्हतं तेव्हा, एकेक अक्षर दाबून लिहिलं, दोन दिवस लागले. केवढं मोठं होतं ते."

त्याला काही आठवेना.

"तू अंगठा पाठवला होतास," ती म्हणाली. "आणि 'काळजी घे'."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो काहीतरी शोधत होता, मीटिंग असेल, गडबड असेल, आणि शोधता शोधता थांबला, कारण ती हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हती. घडलं तसं सांगत होती.

"त्या बाईंना किती वेळ लागला रे, कळायला?"

"दोन मिनिटं."

"आणि तू मानलंस."

"हो."

"लगेच?"

"लगेच."

तिने मान हलवली. "बाहुलीला बघून त्यांनी सांगितलं, आणि तू मानलंस. मीही तेच सांगत होते, दादा. दुखतं, एवढंच. मी काय वेगळं सांगत होते?"

त्याच्या तोंडून माफ कर असं काहीतरी निघालं. ती म्हणाली, "अरे, लहान होतास तू. लहान मुलं काहीही करतात." तो एवढ्यावर थांबू शकला असता. ती त्याला तिथे थांबू देत होती. पण तो म्हणाला, "ते लोक आले होते तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो, ठके. तेव्हा लहान नव्हतो."

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा नव्हतास."

तिचा हात टेबलावर होता, काळ्या पट्ट्यातून बोटं बाहेर आलेली, मधली दोन किंचित वाकडी. त्याला तो हात हातात घ्यायचा होता. माणसाच्या हाताचे सगळे सांधे त्याला पाठ होते, आणि हा हात कुठे धरला तर दुखणार नाही हे त्याला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. तो विचारणारही होता, पण तिने घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सारली. "बारा वाजले. माझी ड्युटी आहे. फ्रिजच्या कंपनीचे फोन घेते मी, तक्रारींचे. रविवारी जास्त येतात, सगळे घरी असतात ना." तिने कानावर हेडफोन चढवला, त्यासाठी डोकंच खाली झुकवून, हात वर न नेता. "तुझी बस कितीची आहे?"

"तीनची."

"मग बस तेवढा वेळ. बोलू नकोस फक्त."

तो बसला. चहा गार झाला होता, तो त्याने संपवला. पहिला फोन लगेचच आला. ठकीचा आवाज बदलला. इतका संथ, इतका मऊ आवाज त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पलीकडे कोणीतरी म्हातारा असावा, चिडलेला, भरभर बोलणारा. ती मध्येच तोडत नव्हती.

"हो काका," ती म्हणत होती. "मेकॅनिक आला तेव्हा नेमका आवाज आला नाही का? होतं असं. नाही नाही, तुमची चूक कशाला असेल? ... घरातले म्हणतात तुम्हाला भास होतो? म्हणू देत हो. तुम्ही म्हणताय आवाज येतो, म्हणजे येतच असणार. सांगा मला, कधीपासून येतोय?"